मोहट्यांच्या तेलाची कांती

डिसेंबर लागला की जव्हार-मोखाड्याच्या घरांत मोहाचे तेल बाटलीतच गोठायला लागते. आधी तळाशी पांढुरका, रवाळ साका धरतो. मग एखाद्या गारठलेल्या पहाटे सगळी बाटली तुपासारखी घट्ट होऊन बसते. घरातली बाई ती बाटली चुलीच्या वैलावर उबेला ठेवते आणि तेल सुटले की थोडे तळहातावर घेते. आधी टाचा, मग पोटऱ्या, मग कोपरे आणि हात. शेवटी तळव्यावर जो ओशटपणा उरतो तो तोंडावरून फिरवते आणि पाण्याला निघते. या सगळ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. त्वचा तरुण राहावी म्हणून रोज काय करावे, या विषयावर आज दुकानांतून आणि मोबाइलवरून जो सल्ला मिळतो, त्यातले अर्धे काम या पाच मिनिटांत होते, आणि ते इथे पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे.

पालघर जिल्ह्याच्या पूर्वेचे हे दोन डोंगराळ तालुके. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमातींची ही वस्ती. भात, नागली, वरई ही पिके, तीही बरीचशी उतारावरची. जव्हार गाव समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे हिवाळ्यात इथली हवा कोरडी आणि बोचरी असते. पावसाळ्यात चिखल, हिवाळ्यात गारठा, उन्हाळ्यात तापलेला कातळ. वर्षाच्या तिन्ही ऋतूंत इथल्या माणसाची कातडी पणाला लागलेली असते. तिला राखण्याचे काम ज्या झाडाने केले, ते झाड म्हणजे मोह.

मोह म्हटले की बाहेरच्या माणसाला दारू आठवते. ते अर्धेच झाड झाले. मार्च-एप्रिलमध्ये जी फुले पहाटे टपटप खाली पडतात, त्या खरे तर रसरशीत पाकळ्या असतात. फळ धरायचे ते वर फांदीवर धरलेलेच राहते. म्हणून फुले वेचली तरी फळ कमी होत नाही. एकच झाड एका वर्षात दोन पिके देते. चैत्रात फूल, आणि पावसाच्या तोंडावर फळ. या फळांना दोडे म्हणतात. कोवळ्या दोड्यांच्या गराची भाजी होते. दोडा पिकला की आतून तपकिरी, चकचकीत बी निघते, ती मोहटी.

मोहट्या गोळा करण्याचे काम मुलांचे आणि बायकांचे. वटवाघळांना दोड्याचा गर आवडतो. ती रात्री गर खातात आणि बी खाली टाकतात, त्यामुळे सकाळी झाडाखाली बियांचा सडाच पडलेला असतो. पण घाई करावी लागते, कारण मोहाची बी जमिनीवर फार दिवस थांबत नाही. एक-दोन चांगल्या सरी पडल्या की तिला मोड येतो आणि मोड आलेल्या बीचे तेल वाया जाते. बी घरी आली की दगडाने ठेचून तिचे कडक टरफल काढायचे. आत दोन फाकांचा पिवळसर मगज असतो. तो उन्हात खडखडीत वाळवायचा, ऊन नसेल तर चुलीच्या धगीवर. वाळलेल्या फाका पोत्यात भरून घाण्यावर न्यायच्या. पूर्वी घाणा बैलाचा होता, नंतर विजेवरचा आला. ज्या मुलखात घाणाही नव्हता तिथे देशभरातल्या आदिवासींनी आपली रीत शोधली होती. मगज कुटायचा, वाफवायचा, गरमागरम कुट्याची पुरचुंडी बांधायची आणि दोन लाकडांमध्ये दाबून तेल काढायचे.

निघालेले तेल पिवळे आणि जड असते, त्याला उग्र वासही असतो. ते चांगले कडवून घेतले की त्यात भाजी होते, भाकरीला लावता येते. दिवा लागतो. सांधे दुखले की चोळता येते, बाळाला माखता येते, डोक्याला लावता येते. बाजारातल्या मालाप्रमाणे खाण्याचे एक, अंगाचे दुसरे आणि केसांचे तिसरे अशी फोड इथे कधी झाली नाही. घरात एकच तेल होते.

हे तेल कातडीला इतके मानवते त्याचे कारण त्याच्या घडणीत आहे. मोहट्यांच्या मगजात तेलाचे प्रमाण भरपूर असते, साधारण ३५ ते ५० टक्के. त्या तेलात ओलिक आम्ल सर्वांत जास्त, चाळीस टक्क्यांच्या वर. त्याच्या जोडीला स्टिअरिक आणि पामिटिक ही घट्ट स्निग्धाम्ले असतात, आणि त्यांच्यामुळेच ते थंडीत गोठते. ओलिक आम्ल कातडीत चटकन मुरते आणि ती मऊ करते. घट्ट स्निग्धाम्ले वर पातळ थर धरतात आणि आतला ओलावा बाहेर उडून जाऊ देत नाहीत. कोरडी कातडी म्हणजे पाणी गमावलेली कातडी. महागड्या क्रीमचे पहिले काम हेच असते, ते पाणी अडवणे. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेल लावायची जुनी सवय म्हणूनच योग्य ठरते. त्या वेळी कातडीवर पाणी असते आणि तेल त्यावर झाकण घालते.

तेल निघाल्यावर जी पेंड उरते तीही कामाची. तिच्यात सॅपोनिन नावाचे द्रव्य असते, पाण्यात कालवले की फेस देणारे. शिकेकाई आणि रिठ्यातही हेच द्रव्य. पेंडेने केस धुता येतात. तीच पेंड डोहात टाकली की मासे गुंगतात, आणि धुपवली की तिच्या धुराने किडे-मुंग्या लांब राहतात. साबण नव्हता त्या काळात अंग घासायला दगड किंवा वजरी, केसांना पेंड किंवा शिकेकाई, आणि वरून तेल. धुणे, घासणे आणि माखणे या तीन पायऱ्या इथे पूर्ण होत होत्या.

खरी परीक्षा आषाढ-श्रावणात. लावणीच्या दिवसांत माणसे सकाळपासून संध्याकाळपर्यंत गुडघाभर चिखलात उभी असतात. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडते, सोलवटते, झोंबते. या चिखल्यांनी चालणे मुश्किल होते. रात्री पाय धुऊन, चुलीशी शेकून, कोरडे करून त्यांना कोमट तेल लावायचे. खरूज-नायट्याला मोहापेक्षा करंजाचे तेल चोळण्याची रीत कोकणपट्टीत सगळीकडे आहे. दक्षिणेकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात भेगाळलेल्या टाचांवर कोकमाच्या बियांचे घट्ट तेल लावतात. सह्याद्रीच्या प्रत्येक पट्ट्याने आपापल्या झाडातून असे एक घट्ट तेल काढून ठेवले आहे, आणि सगळ्यांचे काम एकच. भेग बुजवायची आणि ओल राखायची.

अंगाची शोभा हा विषयही इथे परका नव्हता. वारल्यांच्या लग्नात हळद लागते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघाटदेवीचा चौक लिहिला जातो, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते आणि त्याच मांडवात वधू-वरांच्या अंगाला हळद-तेल चोळले जाते. बायकांच्या कपाळावर, हातांवर, पोटऱ्यांवर गोंदण असायचे. सोने-चांदी इथेच राहते, गोंदण मात्र मेल्यावरही सोबत येते, ही त्यामागची समजूत. कातडीवर कायमचा दागिना कोरून घेणारी माणसे कातडीकडे दुर्लक्ष करत होती, असे कोणी म्हणू नये.

इथली रीत कुठल्या ग्रंथात लिहिली गेली नाही. ग्रंथांत लिहिले गेले ते नगरांचे आणि दरबारांचे. साधारण सातव्या शतकातल्या ‘अष्टांगहृदया’त वाग्भटाने सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येला दिला आहे. रोज अभ्यंग करावा, त्याने म्हातारपण लांबते, थकवा जातो, कातडी चांगली होते, असे तो सांगतो. डोके, कान आणि पाय यांना तेल विशेष करून लावावे, हेही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ११२९ च्या सुमाराच्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या स्नानाचे आणि अभ्यंगाचे वर्णन आहे, सुगंधी तेले आणि सेवेकऱ्यांसह. वाग्भटाचा नियम आणि मोखाड्याच्या बाईची सवय शेजारी ठेवल्या तर मूळ गोष्ट एकच निघते. रोजचे तेल, आणि त्यात पायांना विसरायचे नाही. फरक एवढाच की राजाच्या तेलात केवडा-चंदन होते आणि राजाला ते लावून देणारे होते.

मग अशी ही रीत आज अनेक घरांत मागे का पडली? त्याचे उत्तर कातडीत शोधून सापडत नाही. ते झाडाच्या मालकीत, पाण्यात आणि ताटात शोधावे लागते.

जव्हार हे मुकणे घराण्याचे महादेव कोळी संस्थान. जयबा मुकणे यांनी राज्य मिळवले, त्यांचे पुत्र नेमशहा यांना १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाकडून मान्यता मिळाली अशी घराण्याची परंपरा आहे. इंग्रजी अमलात हे संस्थान ३१० चौरस मैलांचे होते. १९०१ च्या खानेसुमारीत त्याची लोकसंख्या पन्नास हजारांच्याही आत होती. मोखाडा मात्र संस्थानात नव्हता, तो ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याचा पेटा होता. एकाच डोंगररांगेवर दोन राज्यव्यवस्था, तरी वरचा हात ठाण्याच्याच कलेक्टरचा, कारण जव्हारचा पोलिटिकल एजंट तोच असे.

या डोंगरांकडे सरकारचे पहिले लक्ष गेले ते दारूच्या महसुलापायी. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळप गुन्हा ठरले. ते थांबेना म्हणून १८९२ साली खास मोहाचा कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर आणि त्यांच्या व्यवहारावर त्याने बंधने घातली. चैत्रात अंगणात वाळत घातलेली फुले, जी दुष्काळात भाकरीच्या जागी पोटात जात, ती आता पोलिसाच्या नजरेस पडतील अशी भीती झाली. कायदा फुलांचा होता, बियांचा नव्हता. पण झाड एकच. त्याच काळात जंगले राखीव होत गेली, आणि ज्या झाडाखाली आजी-पणजीने मोहट्या वेचल्या, तिथे जायला रखवालदाराची मर्जी लागू लागली. तेलाच्या इतिहासात हा मोठा फटका होता, आणि त्याची नोंद दारूच्या इतिहासाखाली दबून गेली आहे.

गंमत म्हणजे त्याच मोहट्यांना जगाच्या बाजारात मागणी होती. पहिल्या महायुद्धाआधी मुंबई बंदरातून मोहाच्या बिया युरोपात, मुख्यतः जर्मनीत, जात असत. तिथे त्यांच्या तेलाचे साबण आणि मेणबत्त्या बनत, पुढे मार्गरीनमध्येही ते जाई. पेंडही वाया जात नव्हती. इंग्लंडमध्ये गोल्फच्या हिरवळीवर गांडुळे होऊ नयेत म्हणून ती पसरत. मध्य आणि पश्चिम हिंदुस्थानच्या जंगलांत पोरांनी वेचलेली बी हॅम्बुर्गच्या कारखान्यात जाऊन साबणाची वडी होत होती, आणि वेचणाऱ्याच्या घरी साबण माहीत नव्हता.

साबण इथे आला तो मुंबईहून. १९१८ साली गोदरेजने प्राण्यांच्या चरबीशिवाय, वनस्पती तेलापासून ‘चावी’ साबण काढला आणि मग ‘नंबर टू’ व ‘नंबर वन’ आले. स्वदेशीच्या लाटेत ते गाजले. स्वातंत्र्यानंतर खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेलांपासून साबण बनवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. कडुनिंब, करंज, मोह ही त्यातली मुख्य तेले. खोबरेल आणि शेंगदाण्याचे तेल लोकांना खायला उरावे, साबणाने जंगलातले तेल वापरावे, हा त्यामागचा विचार. देशाच्या हिशेबाने तो बरोबरच होता. पण त्या हिशेबात मोहाचे तेल ‘अखाद्य’ या खान्यात गेले. जव्हार-मोखाड्याच्या घरांत ते खाद्य होते, याची दखल त्या वर्गीकरणात नव्हती. हळूहळू तेल घरी ठेवण्याऐवजी बी व्यापाऱ्याला विकून मीठ-मिरची आणणे सोयीचे झाले. पुढे रेशनचे पामतेल आणि सोयाबीनच्या पिशव्या आल्या. घाण्यावरच्या खेपा कमी झाल्या.

तोंडाला लावायच्या वस्तूंची कहाणी वेगळी, आणि जास्त खुपणारी. अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली व्हॅसलीनचे पेटंट घेतले. मुंबईत १९१९ साली इब्राहिम पाटणवाला यांनी ‘अफगाण स्नो’ आणले, कलकत्त्यात १९२९ मध्ये गौरमोहन दत्त यांनी ‘बोरोलिन’. परळच्या केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली विको काढली आणि पुढे त्यांच्या घराण्याने हळदीचे क्रीम घरोघर नेले. ते औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर त्यांना अबकारी खात्याशी अनेक वर्षे कोर्टात लढावे लागले. या सगळ्यांनी निदान कातडी मऊ राखण्याचे, जखम भरण्याचे काम सांगितले. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ आली आणि पावलागणिक दुकानात एक नवी गोष्ट विकली जाऊ लागली. कातडी राखण्याऐवजी ती उजळायची. पुढे त्या क्रीमच्या छोट्या पाकिटांनी वाडी-पाड्यापर्यंत मजल मारली. पिढ्यान्‌पिढ्या उन्हात राबणाऱ्या सावळ्या माणसांना आपल्या रंगाबद्दल कमीपणा वाटावा, हे त्या पाकिटाने केले. २०२० मध्ये कंपनीने नावातला ‘फेअर’ काढला. तोवर ४५ वर्षे झाली होती.

वास्तविक सावळ्या रंगाला विज्ञानाचा कौल आहे. कातडीतले मेलॅनिन सूर्याची अतिनील किरणे शोषून घेते, आणि कातडी अकाली म्हातारी करण्यात सर्वांत मोठा वाटा याच किरणांचा. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर या गावात ९०३ जणांवर साडेचार वर्षे चाललेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या कातडीचे म्हातारपण, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत २४ टक्के कमी भरले. उन्हापासून राखण, हे त्वचेच्या रोजच्या निगेतले सर्वांत खात्रीचे कलम. मेलॅनिन मदत करते, पण वीटभट्टीवर ते पुरे पडत नाही. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर आणि बांधकामांवर कामाला जातात. सहा-सहा महिने. वरून ऊन, समोर भट्टीची धग, हाताला माती, सिमेंट, राख. रेती काढणारा तासन्‌तास खाडीच्या खाऱ्या पाण्यात उतरलेला असतो. डोक्यावरचा पदर किंवा टॉवेल, एवढीच त्यांची सनस्क्रीन. तिशीतल्या बाईच्या चेहऱ्यावर पन्नाशीच्या सुरकुत्या दिसतात त्या तेल न लावल्यामुळे आलेल्या नसतात.

आणि पाणी. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी फेब्रुवारीनंतर विहिरी तळ गाठतात. कातळ पाणी धरून ठेवत नाही, उतार ते वाहून नेतो. ते वाहून जाते वैतरणेला, आणि वैतरणा मुंबईला. १९५७ चा मोडकसागर, १९७३ चे अप्पर वैतरणा, आणि २०१४ साली मोखाड्याच्या हद्दीत कोचाळ्याजवळ पूर्ण झालेले मध्य वैतरणा. या शेवटच्या एका धरणातून मुंबईला रोज ४५ कोटी लिटरहून अधिक पाणी मिळते. मुंबईतल्या नळाखाली दिवसातून दोनदा चेहरा धुतला जातो, त्या पाण्यात मोखाड्याचा वाटा आहे. मोखाड्याच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बाईने त्यातला किती तांब्या आंघोळीला काढायचा? खरूज एका घरात शिरली की सगळ्यांना लागते, आणि ती हटवायला औषधाइतकेच अंथरूण-पांघरूण आणि कपडे गरम पाण्यात धुवावे लागतात. पाण्याशिवाय त्वचेची निगा नाही.

ताटाचे तसेच. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. कुपोषण तपासायला येणारा डॉक्टर सर्वांत आधी कातडी आणि केस पाहतो. प्रथिने आणि स्निग्धांश कमी पडले की कातडी कोरडी पडते, काळवंडून पापुद्रे धरते. केस विरळ, तांबूस आणि निर्जीव होतात. पायांवर सूज येते आणि जखमा लवकर भरत नाहीत. अशा मुलाला वरून कितीही तेल माखले तरी तेज येत नाही. ज्या घरातून मोहाचे तेल आधी ताटातून गेले आणि मग अंगावरून गेले, त्या घराचे नुकसान दुहेरी होते. जंगलातली फळे, कंद, रानभाज्या, मासे आणि तेल यांतून जो आहार जुळत होता त्यातली स्निग्धाची बाजू हे झाड सांभाळत होते.

मोहाच्या तेलाने सुरकुत्या जातात, असा दावा मात्र कोणी केला तर तो मानू नये. तसे सिद्ध झालेले नाही. हे तेल कातडी मऊ ठेवते, भेगा भरायला मदत करते, थंडीत आग होऊ देत नाही, एवढे नक्की. तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्यावर जड तेल लावणे बरे नव्हे. आणि नायटा किंवा गजकर्ण असेल तर तेल चोळत बसू नये. गेल्या काही वर्षांत गावोगाव दुकानातून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमे लोक मनाने लावतात. खाज तात्पुरती थांबते, रोग मात्र पसरतो आणि कातडी पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा मलमांच्या विक्रीला डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. पाड्यावरच्या माणसाला त्यासाठी जव्हारच्या कुटीर रुग्णालयाची किंवा जवळच्या आरोग्य केंद्राची वाट धरावी लागते, पण तीच वाट बरोबर आहे.

आता चाक उलटे फिरू लागले आहे. शहरांत आणि परदेशांत मोहाचे घट्ट तेल ‘महुआ बटर’ या नावाने साबणांत, ओठांच्या मलमांत आणि क्रीममध्ये जाऊ लागले आहे. इकडे कायदाही बदलला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे आली, २००६ च्या वनहक्क कायद्याने ते गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य झाला. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १८९२ मध्ये ज्या झाडाखाली बसायची धास्ती होती, त्या झाडाच्या बीवर आज कायद्याने गावाचा हक्क आहे. १९७२ साली स्थापन झालेले आदिवासी विकास महामंडळ आहे, हमीभावाची योजनाही आहे.

हक्काचे पैसे मात्र बीच्या नव्हे, तेलाच्या दरात आहेत. मे २०२० मध्ये केंद्राने मोहाच्या बीचा हमीभाव किलोला २९ रुपये ठरवला. घाण्यावर एक किलो तेल निघायला साधारण तीन किलो बी लागते. म्हणजे ज्या तेलासाठी बाईने पहाटे उठून बी वेचली, ठेचली, वाळवली, त्यातल्या कच्च्या मालाचे त्या भावाने तिच्या हाती ९० रुपयेही पडत नव्हते. बी गावातच गाळली, तेल गाळून बाटलीत भरले, वर गावाचे नाव घातले, तर ती रक्कम कितीतरी वाढते. त्यासाठी प्रत्येक मोठ्या पाड्याला एक चांगला घाणा हवा, आणि तो ग्रामसभेच्या किंवा बचत गटाच्या ताब्यात हवा. नवी मोहाची रोपेही लावली पाहिजेत. झाडाला फुलायला आठ-दहा वर्षे लागतात, म्हणजे आज लावलेले रोप आज पाळण्यात असलेल्या मुलीच्या कामी येईल.

तोवर, क्रीमच्या डबीवर ‘महुआ’ वाचणाऱ्या प्रत्येकाने दुकानदाराला आणि कंपनीला एवढे जरूर विचारावे, की बी कुठल्या गावातून घेतली आणि वेचणाऱ्या बाईला किलोला किती रुपये दिले.